हातावरचा राब

मी काळी आहे. समोर बोलताना लोक सावळी म्हणतात, माघारी काळी म्हणतात, आणि माघारीचंच खरं आहे. माझं माहेर वेल्ह्याकडच्या डोंगरातलं. गडावर जाणारी वाट आमच्या दारावरून जायची. सुट्टीच्या दिवशी शहरातली पोरंपोरी तोंडाला पांढरं मलम फासून वर चढायची आणि आम्ही भावंडं पडवीत बसून खिदळायचो. "आली बघ चुना लावल्याली," असं कुणीतरी म्हणायचं. संध्याकाळी तीच मंडळी उतरायची तेव्हा कुणाची मान लालबुंद झालेली असायची, कुणाच्या नाकाचं साल निघालेलं असायचं. एका मुलीला तर खांद्यावर ओढणीसुद्धा सहन होईना. माझ्या आईनं तिला ताक प्यायला दिलं, खांद्यावर ओलं फडकं टाकलं, आणि ती गेल्यावर म्हणाली, "नाजूक कातडी, दुसरं काय." आपली कातडी नाजूक नाही याचा मला त्या वयात मोठा तोरा होता.

लग्न होऊन मी भाटघरच्या धरणाकडेच्या गावात आले. सासूबाई गोऱ्यापान, डोळे घारे. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं तोंड उन्हात गेलं की दुपारपर्यंत लाल व्हायचं, गालावर बारीक तपकिरी ठिपके उठायचे. त्यामुळे उन्हातलं काम आपोआप माझ्याकडं आलं. "तिला काय ऊन लागतंय? तिचा रंग पक्का हाय," असं त्या शेजारणीला सांगायच्या. त्यात कौतुक होतं की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही. माझे मालक आम्हा दोघींच्या मधले. उन्हाळ्यात तांबूस होतात, दिवाळीपर्यंत पुन्हा निवळतात. एका चुलीवर जेवणारी आम्ही माणसं, आणि ऊन प्रत्येकाशी वेगळं वागायचं. मला ते दिसत होतं, पण का असं, हा प्रश्न कधी पडला नाही. पडला असता तरी कामाच्या रगाड्यात विचारणार कुणाला?

आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. म्हणजे जिथं रोप करायचं त्या जागेवर झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण, वाळकं गवत पसरून ऐन उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. भाजलेल्या मातीत तण कमी उगवतं आणि रोप दाट, काळंभोर उठतं. असाच एकदा राब भाजून आल्यावर मला उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या बुडाशी, मसुरीएवढा पांढरा ठिपका दिसला. ठिणगी उडाली असेल म्हणून मी सोडून दिलं. खोबरेल लावलं आणि विसरले.

तो ठिपका भरून आला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो बोटांच्या पेरांवर गेला, मग मनगटाकडं चढला. काळ्या हातावर पांढरा डाग लपत नाही. आत्यांच्या हातावर असता तर कुणाला कळलाही नसता, असं मनात यायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा. घरात कोड हा शब्द कुणी काढत नव्हतं. "तुज्या हाताचं ते" असं म्हणायचे. मी गावच्या अंगणवाडीत शिकवते. एक चिमुरडी माझं बोट धरून म्हणाली, "बाई, हितला रंग कुटं गेला?" मी म्हटलं, "धुतला गेला." ती हसली, मीही हसले. पण थोड्याच दिवसांनी एका पोराची आई दारात उभी राहून पोराला दबक्या आवाजात सांगत होती, बाईंच्या हातचं खायचं नाही. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि आत जाऊन भिंतीवरचे तक्ते उगाच काढून पुन्हा लावले. इतका संताप मला क्वचित आला असेल.

यंदा लेकीचं लग्न जमलं. मुलगा वरव्याकडचा, जवळच्याच कारखान्यात कामाला, शेतीही आहे. माणसं बरी वाटली. बघायच्या कार्यक्रमाला चहा माझ्या जावेनं दिला. मी पदराखाली हात घेऊन चुलीपाशी बसले होते. रात्रभर मला चैन पडेना, म्हणून सकाळी मी घरात विषय काढला.

"त्यांना सांगून टाकू. मागनं कळण्यापरास आधी कळल्यालं बरं."

"काय सांगतीस?" आत्या म्हणाल्या. "घराण्यात हाय म्हणत्याल आन् पोरगी घरी बसंल. लगीन हू दे, मग काय सांगायचं ते सांग."

मालक नेहमीप्रमाणे जोड्यात पाय घालून बाहेर पडले. त्यांना कुणाचंच मन मोडवत नाही, आणि त्यामुळं माझं रोज मोडतं.

आत्यांचं बोलणं तिथं थांबलं नाही. "आन् हळदीला चारचौघीत हात फुडं करू नगंस," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडच्या बाया असत्याल. बगत्याल."

हे मात्र माझ्या काळजाला लागलं. मला मानपान नको होता, साडी नको होती, फोटोत उभं राहणंही नको होतं. पोरीला हळद मात्र माझ्या हातानं लागली पाहिजे होती. एकुलती एक लेक. तिला पहिल्यांदा तेल लावलं ते याच हातांनी, भात भरवला तो याच हातांनी, आणि आता ती घरातून जाणार तर मी हात लपवून मागं उभं राहायचं? मी आत्यांना म्हटलं, "हात बरा झाला तर लावू देशीला का?" त्या म्हणाल्या, "बरा झाला तर कोण नगं म्हणतंय?"

म्हणून मी बावचीच्या तेलाकडं वळले, कोडावर लावतात त्या. भोंगवलीच्या पुढं एक म्हातारे गृहस्थ झाडपाल्याचं औषध द्यायचे. त्यांनी तेल दिलं आणि नीट बजावूनही सांगितलं. कापसाच्या बोळ्यानं फक्त डागावर लावायचं. सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ हात धरायचा, मग धुऊन टाकायचं, आणि त्या दिवशी कडक उन्हात जायचं नाही. मी तसंच करत राहिले. काही आठवडे गेल्यावर पांढऱ्या डागात टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसायला लागले. मी लेकीला हाक मारून दाखवले. ती हात उजेडात धरून बघत बसली आणि म्हणाली, "आई, रंग परत येतोय गं." त्या दिवशी मी पुरणपोळी केली. सणवार काही नव्हता.

पण लग्न मे महिन्यातलं, आणि ठिपके काही माझ्या घाईनं वाढेनात. आत्या रोज सकाळी माझा हात बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "एवढ्याशा उनानं काय व्हतंय? राब अर्धवट भाजला तर रोप धरतंय का? माती चांगली भाजावी लागती, मंग काळं उगावतं."

मी हसले. पण ते बोलणं डोक्यात बसलं, कारण मीही शेतातलीच. भाजल्याशिवाय चांगलं रोप येत नाही हे मी लहानपणापासून बघत आलेय. कोवळं ऊन शहरातल्या नाजूक माणसांना सांगायचं, माझी कातडी पक्की, तिला दुपारचंच ऊन पाहिजे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तेल जरा जास्त लावायला लागले, हात जरा जास्त वेळ धरायला लागले. डाग गुलाबी व्हायचे आणि आम्हा दोघींना वाटायचं, आता धरतंय.

राब भाजायचा दिवस आला. सकाळी मी तेल चांगलं चोपडलं आणि धुतलं नाही. दिवसभर उतारावर काम होतं. डहाळ्या ओढून आणायच्या, पसरायच्या, वर शेण नि गवत टाकायचं. धरणाचं पाणी खाली गेलेलं, उरलेल्या पाण्यावरनं ऊन थेट डोळ्यात येत होतं. वारा पडल्यावर मालकांनी राब पेटवला आणि मी झाडाची ओली फांदी घेऊन आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून कडेनं फिरत राहिले. हात थोडा गरम वाटला, एवढंच. घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

दुसऱ्या दिवशी डाग लाल झाले. तिसऱ्या दिवशी त्यांवर फोड आले, पाण्यानं टम्म भरलेले. हात झोळीत धरल्याशिवाय राहवेना. सगळ्या गावानं एकच निदान केलं, राबानं भाजली. मलाही आधी तसंच वाटलं. पण लेकीनं हात पुसायला घेतला तेव्हा माझं लक्ष गेलं. फोड फक्त पांढऱ्या जागेवर होते. डाग जिथं संपत होता तिथंच फोड संपत होता. दोन पेरांच्या मधली काळी कातडी होती तशी, फक्त डागांच्या कडा आणखी काळ्या पडलेल्या. विस्तव असा निवडून भाजत नाही. मी आत्यांना ते दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं आणि उठून गोठ्यात गेल्या.

भोरमध्ये कातडीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. मालक मला गाडीवर घेऊन गेले. बाईंनी हात बघितला, काय लावलं विचारलं, आणि तेलाचं नाव ऐकल्यावर कपाळाला हात लावला.

"हे तेल लावलं की कातडी ऊन कितीतरी जास्त ओढून घेते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही ते उघड्या जागेवर लावलंत. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. तो रंग म्हणजे आपली छत्री. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण तो अडवतो. गोऱ्या माणसाची छत्री विरलेली, म्हणून ती माणसं लवकर लाल होतात. तुमची दाट. पण या डागात छत्रीच नाही. तुमच्या या एका हातावर दोन तऱ्हेची कातडी आहे."

"पण त्या दिवशी तर काही जाणवलं न्हाई," मी म्हटलं.

"उन्हाचं भाजणं असंच उशिरा दिसतं. या तेलाचं तर आणखी उशिरा. कळतं तेव्हा होऊन गेलेलं असतं."

मग मलम लावता लावता त्या सहज म्हणाल्या, "आणि काळ्या कातडीलाही ऊन भाजतं बरं का. कमी भाजतं, पण भाजतं. फक्त लाली दिसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही."

हे ऐकल्यावर मला डॉक्टरांसमोर रडू आलं. मालकांना वाटलं हात दुखतोय. मला आठवत होती माझी मान. बेणणीच्या, भातातलं तण काढायच्या दिवसांत उघडीप झाली की दिवसभर वाकून मानेवर ऊन घ्यायचं, आणि संध्याकाळी तिची अशी आग व्हायची की मंगळसूत्र काढून ठेवायची मी. चार दिवसांनी कोंड्यासारखी पापुद्री निघायची. घरात म्हणायचे, अंगात उष्णता आहे हिच्या, सब्जा घे. आत्यांचे गाल लाल झाले की त्यांना सावलीत बसवायचे. माझं काही लाल होत नव्हतं, म्हणून मी वाकलेलीच राहायची. इतकी वर्षं मीही तेच खरं धरून चालले की मला ऊन लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखीही सांगितलं. हे कुणाच्या पापाचं नाही, कुणाला लागत नाही, उपचार आहेत पण सावकाशीचे. आणि जाताना अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या की भाजलेल्या जागी डाग आणखी पसरूही शकतो. परत येताना घाटाच्या वळणावर मालकांनी गाडी थांबवली, रस्त्याकडेला उभे राहिले आणि म्हणाले, "म्या आईला आडवाया पायजे हुतं." मी म्हटलं, "व्हय, पायजे हुतं." त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले नाही.

हाताला पांढरी पट्टी आली आणि गावाची तऱ्हाच बदलली. ज्या बाया माझ्या हाताकडं बघून नजर वळवायच्या, त्याच जवळ येऊन हात हातात घ्यायला लागल्या. कुणी तूप आणून दिलं, कुणी भांडी घासून गेलं. ज्या आईनं पोराला माझ्या हातचं खाऊ नको म्हणून सांगितलं होतं, ती माझ्या दारात येऊन "लई भाजलं का हो बाई?" म्हणून डोळ्यांत पाणी आणून गेली. भाजलेल्या हाताला सगळ्यांची माया मिळते. तोच हात, तेच डाग, फक्त वर पट्टी. मला त्या मायेनं बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची चीड येत होती.

हळदीच्या आधी फोड सुकले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता पट्टी नको, हवा लागू दे, फक्त ऊन लागू देऊ नका. डाग मोठे झाले होते. तपकिरी ठिपके तर कुठल्या कुठं गेले होते, आणि नवी कातडी गुलाबी, पातळ. घरी आल्यावर आत्यांनी हात बघितला आणि नवीन पट्टीची गुंडाळी माझ्यापुढं ठेवली.

"हळदीपतुर ऱ्हाऊ दे बांदल्याली. आयतंच निमित्त हाय. कुणी काय ईचारणार न्हाई."

मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. दोन दिसांचा तर सवाल."

लेकीनं गुंडाळी उचलली. तिनंच पट्टी बांधली, कारण रोज तीच बांधत होती. बांधताना तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

हळदीच्या दिवशी दारात मांडव पडला होता. नवरदेवाला लागलेली उष्टी हळद घेऊन त्यांच्याकडच्या बाया टेम्पोतून उतरल्या. लेक पाटावर बसली, बायांनी गाणी धरली, वाटी हातोहात फिरायला लागली. पुढं नवरदेवाची मावशी होती, मोठ्या तोंडाची पण मनानं चांगली. माझी पट्टी बघून ती कळवळली. "अगं बया, ईहीणबाई, राबानं भाजलं व्हय? तुमी बसा निवांत, हात नगा लावू." कुणीतरी खुर्ची आणली. मला खुर्चीत बसवलं. सगळ्या माझ्याशी इतक्या गोड वागत होत्या की मला ती खुर्ची नकोशी झाली.

वाटी माझ्यापाशी आली. लेकीनं पाटावरून मान वर केली आणि थांबली. त्याच क्षणी आत्या पुढं झाल्या. "तिच्या वाटची म्या लावते," असं म्हणून त्यांनी आपला गोरा हात वाटीकडं नेला.

तिच्या वाटची. मला वाटतं, त्या दोन शब्दांनीच माझं डोकं फिरलं. मी वाटी मांडीवर घेतली आणि दातांनी पट्टीची गाठ ओढली. आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, बगत्यात." मी म्हटलं, "बगू द्या." माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पट्टीचे वेढे मी एकेक करून सोडले आणि ती खुर्चीखाली टाकली. हात उघडा झाला, गुलाबी आणि पांढरा, कडेनं काळाकुट्ट. मावशीनं हात बघितला, मग माझ्या लेकीकडं बघितलं, मग पुन्हा हात बघितला. भाजल्याचं आणि कोडाचं अंतर तिला कळलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

मी हळदीत हात बुडवला आणि लेकीच्या कानापासून हनुवटीपर्यंत लावली. नव्या कातडीला हळद अशी झोंबली की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. लेक हळूच म्हणाली, "आई, दुखतंय?" मी म्हटलं, "न्हाई." मग दुसऱ्या गालाला लावली आणि रीतीप्रमाणे वाटी शेजारच्या बाईपुढं धरली.

ती शेजारची बाई म्हणजे मावशीच. तिनं हात पुढं केला नाही. तिच्या पलीकडच्या बाईनंही केला नाही, ती पदर सावरत बसली. मी वाटी तशीच धरून राहिले. आत्यांनी तोंडाला पदर लावला होता. मांडवाच्या कडेला मालक उभे होते, ते एक पाऊल पुढं आले आणि बायकांच्यात कसं यायचं म्हणून तिथंच थांबले. जमलेलं लग्न माझ्या हातातल्या वाटीत अडकून बसलं होतं, आणि ते मोडलं तर माझ्यामुळं मोडणार होतं. मला खूप भीती वाटली. तरी वाटी खाली ठेवायला हात होईना.

तेव्हा लेक बोलली. मावशीकडं न बघता, माझ्याकडं बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"आई, वाटी भरल्याली हाय. अजून लाव की."

मी लावली. दंडांना लावली, पायांना लावली, मानेला तर हात फिरवून फिरवून लावली. वाटी रिकामी होईपर्यंत सगळी हळद मी एकटीनंच लावली. हाताची आग होत होती, आणि मांडवात कुणी गाणं म्हणत नव्हतं.